सायकल, घाम आणि इस्त्रीचा सदरा

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकलने शाळेत येत असतील. उन्हाळ्याच्या दिवसांत सायकल लावून वर्गात येऊन बसलात, की काय होते? सदरा पाठीला चिकटतो. कपाळावरचे थेंब वहीवर पडतात आणि शाई पसरते. शेजारचा मित्र जरा सरकून बसतो. शाळेत हे चालून जाते, कारण सगळ्यांचीच तशी दशा असते. पण उद्या तुम्ही कामावर जाऊ लागाल. दुकानात, दवाखान्यात किंवा कचेरीत दिवसभर माणसांमध्ये वावरायचे असेल. तेव्हा काय कराल?

माझ्यावर ही वेळ १९९१ साली आली. आमचे घर पुण्याच्या भवानी पेठेत होते. नोकरी लागली खडकीच्या एका कचेरीत. अंतर सात-आठ किलोमीटर. घरात अब्बांची जुनी काळी सायकल होती. बसचा पास काढायचा तर दर महिन्याला पैसे मोजावे लागणार, आणि त्याच वर्षी धाकट्या बहिणीचे नाव कॉलेजात घालायचे होते. म्हणून मी सायकलच घेतली. रोज सकाळी स्टेशनावरून संगम पुलाकडे, तिथून वाकडेवाडी आणि मग खडकी. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते उगीच नव्हे. सकाळी त्या रस्त्याला पुढे सायकली, मागे सायकली. त्या गर्दीत मीही जोरजोराने पेडल मारत असे.

कचेरीत पोचत असे तो ओलाचिंब होऊन. अम्मीने पहाटे उठून इस्त्री केलेल्या पांढऱ्या सदऱ्याचे पोतेरे झालेले असे. पंधरा दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी जाग्यावर बसलो, की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उठून खिडकी उघडत. ते कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मी त्यावर एक उपाय शोधला. अब्बांच्या कपाटातून खसच्या अत्तराची कुपी घेतली आणि कचेरीच्या दाराशी उभा राहून ओल्या सदऱ्याला ते चोपडले. त्या दिवशी त्या गृहस्थांनी दुसरी खिडकीही उघडली.

महिना संपण्याच्या आत मी ठरवले, सायकल विकायची आणि बसने जायचे. घरी तसे बोललोही. अब्बा म्हणाले, “तुझ्या मनाला येईल तसं कर.” पण त्या रात्री ते जेवणावरून लवकर उठले.

कचेरीच्या आवारात सायकल-स्टँड होता. तिथे एक म्हातारे मामा बसत. कोणाचे पंक्चर काढ, कोणाची चेन बसव, अशी कामे ते करत. मी त्यांना विचारले, “मामा, ही सायकल कोणी विकत घेईल का?” त्यांनी कारण विचारले. माझी घरची भाषा उर्दू. मराठी बोलताना तेव्हा माझी चूक होत असे. मी म्हणालो, “मामा, मला फार घाण येते.”

मामा हसले. म्हणाले, “घाम येतो म्हण, पोरा. घाण येते म्हणू नकोस. घाम वेगळा, घाण वेगळी.”

आपण उर्दूत ज्याला पसीना म्हणतो, तो मराठीत घाम. घाम आणि घाण हे शब्द कानाला इतके जवळचे लागतात, की नवख्या माणसाची गल्लत होते. पण मामांनी सांगितलेला फरक नुसता भाषेचा नव्हता. या साऱ्या गोष्टीची किल्ली त्यातच आहे, हे मला पुढे हळूहळू कळले.

मामांनी सायकलची किंमत काही सांगितली नाही. त्यांनी अंगठ्याने मागचा टायर दाबून पाहिला. मग पेडल हाताने फिरवले. चेन कुरकुरली. ते म्हणाले, “पोरा, तुझा निम्मा घाम या टायरनंच काढलाय. हवा कुठंय हिच्यात?”

ते खरेच होते. टायरमध्ये हवा कमी असली, की तो रस्त्यावर दबून पसरतो. प्रत्येक फेऱ्याला तो दबतो आणि पुन्हा फुगतो. यात आपली बरीच शक्ती वाया जाते. चेन गंजलेली असेल तर तिथेही शक्ती जाते. सीट खाली असेल तर पाय पुरता लांब होत नाही आणि मांड्या लवकर थकतात. पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहावा, एवढी सीट उंच हवी. मामांनी टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल दिले आणि सीट दोन बोटे वर घेतली. मग म्हणाले, “आता हिला आठ दिवस चालव. मग विकायचं बोलू. आणि सकाळी शर्यत कोणाशी लावतोस रे? घरातून दहा मिनिटं आधी निघत जा.”

त्या संध्याकाळी सायकल अशी पळाली, की घर कधी आले ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर अब्बा तिचे मडगार्ड पुसत होते.

आता घाम येतो कशासाठी, ते पाहू. आपले शरीर हे एक यंत्र आहे. अन्नापासून मिळालेली शक्ती ते वापरते. पण सायकल चालवताना या शक्तीपैकी फक्त चौथा हिस्सा पेडलला मिळतो, कधी त्याहूनही कमी. बाकीच्या शक्तीची उष्णता होते. म्हणजे रुपयातले चार आणे सायकलला, बारा आणे उष्णतेला! ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीर तापत जाईल. शरीराला तर आपले तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायचे असते. म्हणून ते त्वचेवर पाणी सोडते. तोच घाम.

पाण्याची वाफ होताना ते बरीच उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाणी बर्फाइतके थंड असताना उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्वचेवरच्या एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता त्वचेतून जाते आणि अंग थंड होते. माठातले पाणी असेच थंड होते. माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. आपल्या त्वचेत अशी छिद्रे कितीतरी आहेत! माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात.

माठाची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यावरून आणखी एक कोडे सुटते. काही वर्षांनी माझी बदली मुंबईला झाली. तिथेही मी सायकलने कामावर जात असे. अंतर पुण्याच्या निम्मेही नव्हते, पण मी दुप्पट भिजत असे. उलट मालेगावला आमचे खालू राहत. मे महिन्यात ते भर उन्हातून सायकलने घरी येत तेव्हा त्यांचा सदरा जवळजवळ कोरडा असे. त्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा दिसत. असे का? मुंबईची हवा समुद्रामुळे दमट असते. हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम वाळत नाही, ओघळून जातो. ओघळलेला घाम अंगाला थंड करत नाही. मग शरीर आणखी घाम सोडते. मालेगावची उन्हाळी हवा कोरडी. तिथे घाम आला तसा उडून जातो आणि मागे फक्त मीठ राहते. त्या पांढऱ्या रेघा मिठाच्याच.

तेव्हा कोरड्या हवेच्या गावी राहणाऱ्यांनो, सदरा भिजला नाही म्हणून घाम आलाच नाही असे समजू नका. पाणी अंगातून गेलेलेच असते. घरातून निघण्यापूर्वी पाणी प्यावे आणि सोबत पाण्याची बाटली ठेवावी. पोचल्यावर ताक, पन्हे किंवा लिंबाचे सरबत घ्यावे. भर उन्हात डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळू लागले, तर लगेच उतरून सावलीत बसावे. कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात असू शकतो. अशा माणसाच्या अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आता मामांच्या त्या दहा मिनिटांकडे वळू. पूर्वी मी पंचवीस मिनिटांत खडकी गाठत असे. मामांनी मला पस्तीस मिनिटे घ्यायला सांगितली. एवढ्याने काय होणार, असे मला वाटले होते. पण गणित पाहा. सायकल चालवताना समोरची हवा आपल्याला मागे ढकलते. वेग दुप्पट केला तर हवेचा हा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. थोड्या घाईसाठी आपण फार मोठी किंमत देतो, आणि ती घामाने चुकती करतो. शेवटचा एक किलोमीटर तर अगदी रमतगमत जावे.

याचे आणखी एक कारण आहे. तुम्ही कधी पाहिले आहे का? सायकलवर असताना फारसा घाम जाणवत नाही, पण उतरलो, की एकदम धारा लागतात. सायकल चालू असते तोवर वारा अंगावरचा घाम वाळवत असतो. सायकल थांबली, की वाराही थांबतो. पण शरीरात साठलेली उष्णता काही लगेच जात नाही, म्हणून घाम येतच राहतो. ही पाच-दहा मिनिटे फार महत्त्वाची. माझी सर्वांत मोठी चूक इथेच होत होती. सायकल लावली, की मी धावत जिना चढून जाग्यावर बसत असे. म्हणजे निम्मा घाम मला खुर्चीवर बसल्यावर येई!

मामांनी मला क्रम घालून दिला. आल्याबरोबर हात, तोंड, मान आणि पाय धुवायचे. मग सावलीत, वारा लागेल असे, दहा मिनिटे बसायचे. घाम थांबला, की मग अंग पुसायचे. आणि अंग कोरडे झाल्यावर, अगदी शेवटी, सदरा बदलायचा. हा क्रम मोडला, की सारे फुकट. अंग गरम असतानाच कोरडा सदरा घातला तर पाच मिनिटांत तोही ओला होतो. मग दोन सदरे धुवावे लागतात.

“आंघोळीची सोय नाही, मग अंग कसं धुवायचं?” असे तुम्ही विचाराल. त्यासाठी आंघोळ करायला नको. दोन तांबे पाणी पुरते. वुजू करताना एका लोट्यात किती काम होते, हे तुम्हांला माहीत आहेच. एक छोटा पंचा ओला करून घट्ट पिळायचा. त्याला जरासा साबण लावायचा. आधी चेहरा आणि मान, मग छाती आणि पाठ, काखा सर्वांत शेवटी पुसायच्या. पंचा खळबळून पुन्हा एकदा पुसायचे, म्हणजे साबण राहत नाही. मग कोरड्या पंचाने अंग टिपून घ्यायचे. आवारातल्या नळामागे आडोसा होता. तिथे भिंतीत मामांनी माझ्यासाठी एक खिळा ठोकून दिला. त्यावर मी माझा पंचा वाळत घालत असे.

काखांवर एवढा भर का? इथे घाम आणि घाण यांतला फरक समजून घ्यावा लागेल. आपल्या अंगावर घर्मग्रंथी दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार जवळजवळ सगळ्या अंगावर असतो. त्यांचा घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि थोडे मीठ. त्याला म्हणण्यासारखा वास नसतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. त्यांच्यातून थोडा दाट स्राव येतो. नवा असताना त्यालाही वास जवळजवळ नसतो. पण आपल्या त्वचेवर असंख्य जीवाणू राहतात. ओलसर, उबदार, झाकलेली जागा त्यांना फार आवडते. ते हा स्राव खातात आणि त्यातून वास मारणारे पदार्थ तयार होतात. म्हणजे वास येतो तो घामाला नव्हे, जीवाणूंनी केलेल्या उद्योगाला. या उद्योगाला वेळ लागतो. तो वेळ त्यांना दिला नाही, तर वास येत नाही. माझ्या घामाला लाजण्याचे काही कारणच नव्हते. मी तो तसाच अंगावर मुरू देत होतो, ही चूक होती.

या दुसऱ्या ग्रंथी लहानपणी काम करत नाहीत. साधारण तुमच्या वयात त्या जाग्या होतात. लहान भाऊ दिवसभर उन्हात खेळला तरी त्याला तसा वास येत नाही, आणि तुम्हांला येऊ लागतो, याचे कारण हेच. यात तुमचा दोष नाही आणि हा रोगही नाही. फक्त आता काखा रोज साबणाने धुवायला हव्यात आणि तिथले केस वेळोवेळी काढायला हवेत.

अंग कोरडे झाले, की मामा मला तुरटीचा खडा देत. न्हावी दाढी झाल्यावर गालाला लावतो, तीच ही तुरटी. ओल्या काखेत तो खडा एकदोनदा फिरवायचा आणि वाळू द्यायचे. तुरटीमुळे जीवाणूंची वाढ कमी होते. एक खडा महिनोन्‌महिने पुरतो. कातडी सोललेली असेल तिथे मात्र लावू नये, फार झोंबते. बाजारात मिळणाऱ्या डब्यांतल्या फवाऱ्यांचे दोन प्रकार असतात. काही फवारे वास झाकतात व जीवाणूंना रोखतात. काहींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाची तोंडे काही वेळ बंद करतात. कोणताही वापरला तरी तो धुतलेल्या, कोरड्या अंगावरच वापरायचा असतो. अत्तराचेही तसेच. घामावर अत्तर लावले तर दोन्ही वास एकत्र होऊन तिसराच वास तयार होतो. तो कसा असतो, ते माझ्या शेजारच्या गृहस्थांना विचारा!

कपड्यांबद्दल मी थोडे हट्टाने सांगणार आहे. सायकलवरचा सदरा आणि कामावरचा सदरा हे दोन वेगळे असलेच पाहिजेत. सायकलवर जुना, सैल, सुती सदरा घालावा. सूत घाम शोषून घेते आणि सैल कपड्यातून वारा खेळतो. टेरिलिनसारख्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना इस्त्री लागत नाही हे खरे, पण त्यांना घामाचा वास लवकर धरतो आणि धुतल्यावरही तो पटकन जात नाही. चांगला सदरा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवावा. घडी घालण्यापेक्षा गुंडाळी केली तर सुरकुत्या कमी पडतात. मी तर पुढे पुढे सोमवारीच तीन सदरे नेऊन टेबलाच्या खणात ठेवत असे. पिशवी पाठीवर लटकवू नये. पाठीला वारा लागत नाही आणि तेवढाच भाग भिजून निघतो. कॅरिअर कशासाठी असते?

सायकलवरचा ओला सदरा पिशवीत कोंबून ठेवणे, ही आळशी माणसाची खूण. संध्याकाळी तो बाहेर काढला, की सगळ्या खोलीला कळते. तो दिवसभर वाऱ्यावर टांगावा आणि घरी गेल्यावर त्याच दिवशी धुवावा. घामाने भिजलेला सदरा वाळला म्हणजे स्वच्छ झाला असे नव्हे. जीवाणू कापडातच असतात. दुसऱ्या दिवशी तो घातला आणि जरा घाम आला, की ते पुन्हा कामाला लागतात. धुतल्यावर कपडे कडक उन्हात वाळवावेत. बनियन आणि मोजे तर रोज बदलायलाच हवेत. बूट ओले झाले तर रात्रभर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत.

आमच्या गल्लीत एक परिचारिका राहत. आम्ही त्यांना आपा म्हणत असू. त्याही सायकलने रुग्णालयात जात. त्यांचा पांढरा गणवेश मी रस्त्यावर कधी पाहिला नाही. घरातून त्या साध्या सलवार-कुडत्यात निघत. दुपट्टा दोन्ही खांद्यांवरून घेऊन मागे घट्ट गाठ मारत, कारण लोंबता दुपट्टा चाकात अडकला, की माणूस खाली पडलाच. गणवेश पिशवीत असे. तिथे पोचल्यावर त्या हातपाय धुऊन तो घालत. आपांनी एकदा मला फार उपयोगी गोष्ट सांगितली. माझ्या कमरेला पट्ट्याखाली खाज येऊ लागली होती. गोल, लाल चट्टा उठला होता. मी औषधाच्या दुकानातून मलम आणून लावणार होतो. आपा म्हणाल्या, “हा नायटा आहे. ओल्या कपड्यात बसून बसून झालाय. वाटेल ते मलम लावू नकोस. काही मलमांनी खाज थांबते, पण नायटा आतून पसरत जातो. डॉक्टरांना दाखव, आणि तुझा पंचा घरात कोणाला देऊ नकोस.” नायटा ही बुरशी असते. ओल्या जागी ती वाढते आणि एकाच्या पंचावरून दुसऱ्याला होते. घामोळे वेगळे. घामाची तोंडे बंद झाली, की बारीक पुरळ येते. ते थंड पाण्याने आणि सैल कपड्यांनी बरे होते.

आणखी एक डाग सायकलवाल्याला ओळखता येतो. उजव्या पायाच्या पँटवर चेनच्या तेलाचा काळा पट्टा! चेन उजव्या बाजूला असते. चेनकव्हर नसेल तर पँटच्या त्या पायाला क्लिप किंवा रबरबँड लावावे. हाताला काळे तेल लागले तर नुसत्या साबणाने निघत नाही. आधी दोन थेंब गोडे तेल चोळावे, मग साबण लावावा. तेलाला तेलच काढते.

हे सारे मी लिहितो आहे त्याचे एक कारण आहे. पुण्याच्या रस्त्यांवर आज स्कूटर आणि मोटारसायकली दाटल्या आहेत. सायकलने कामावर जाणारी माणसे आता उरलीच नाहीत, असे अनेकांना वाटते. २०११ च्या जनगणनेचे आकडे वेगळे सांगतात. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणारे लोक तेव्हा देशात सुमारे २० कोटी होते. त्यांपैकी अडीच कोटींहून जास्त लोक सायकलने कामावर जात होते. गवंडी, सुतार, पहारेकरी, यंत्रमागावरचे कामगार, दुकानातले नोकर. त्यांतल्या किती जणांना कामाच्या जागी एक नळ, एक आडोसा आणि भिंतीत एक खिळा मिळत असेल? मोठ्या कचेऱ्यांत गाड्यांसाठी तळघरे बांधतात. खिळ्याला पैसे किती पडतात?

माझी सायकल विकली गेली नाही. आठ दिवसांनी मामांनी तिची किंमत विचारली. मी म्हणालो, “मामा, कोणती सायकल?”

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. मी नवा रेनकोट घेतला आणि पहिल्याच दिवशी आतून चिंब झालो. रेनकोट पावसाला आत येऊ देत नाही, तशी घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. मामा म्हणाले, “पावसाळ्यात भिजायचंच असतं. बाहेरून भिजायचं का आतून, एवढंच ठरव.” तेव्हापासून मी रिमझिम असेल तर रेनकोट घालतच नसे. जुन्या कपड्यांत भिजत जायचे, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक घालून, न्यायचे आणि पोचल्यावर अंग पुसून बदलायचे. जोराच्या पावसात मात्र अंगावर सैल, खालून उघडे असे टोपीचे कापड घ्यायचो, म्हणजे खालून वारा येई. मागच्या मडगार्डला मामांनी रबराचा एक तुकडा लावून दिला. त्यामुळे चिखलाची पाठीवर चढणारी नक्षी थांबली.

अशाच एका पावसाळी सकाळी मी जाग्यावर येऊन बसलो. बाहेर धो धो पाऊस होता. माझा सदरा कोरडा होता, केस विंचरलेले होते. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे वर-खाली पाहिले. म्हणाले, “काय हो, हल्ली बसने येता वाटतं?”

“नाही,” मी म्हणालो, “सायकलनेच येतो.”

ते काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, की सीट किती उंच असावी, आणि वीस वर्षे पडून असलेल्या सायकलचे टायर बदलायला किती खर्च येईल. मी त्यांना दुपारी मामांकडे घेऊन गेलो.

श्रावणात नळामागच्या भिंतीत माझ्या खिळ्याशेजारी मामांनी दुसरा खिळा ठोकला.